किसन गया गायन पार्टी

आमच्या पार्टीचा बोर्ड सध्या जळकोटला गयाआत्याच्या न्हाणीचं दार आहे. निळा रंग, पांढरी अक्षरं, एका कोपऱ्यात पेटी, दुसऱ्या कोपऱ्यात ढोलकी. पत्रा जुन्या काळचा, जाड, म्हणून टिकून राहिला. फक्त तो उलटा लावलेला आहे. गेल्या हिवाळ्यात मी नांदेडहून एसटीनं तिच्याकडं गेले, हातपाय धुवायला घरामागं गेले आणि त्या दारापुढं मान वाकडी करून उभीच राहिले. डोक्यावर उभ्या असलेल्या अक्षरांतूनही नाव वाचता येत होतं. किसन गया गायन पार्टी, जळकोट.

“आत्या, ह्यो उलटा कामून लावलास गं?”

“सरळ लावला का माणसं वाचीत हुबी राहत्यात,” ती चुलीपुढूनच म्हणाली. “आत बाई आंगूळ करायली आन् बाहीर ह्यांची शाळा.”

आत्याला अक्षरओळख नाही. बोर्डाचं वर कुठलं आणि खाली कुठलं हे ती ढोलकीच्या चित्रावरून ठरवते.

मी तिला लातूरला न्यायला आले होते. तिथं माझ्या भावाकडं आईवडील असतात. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. बोर्डावरचा किसन तो हा, आत्याचा पाठचा भाऊ. बोर्डावर दोघं एकमेकांना चिकटून आहेत, पण प्रत्यक्षात तीस वर्षं झाली, एकमेकांशी शब्द बोललेले नाहीत. आणि मला ह्या दोघांना एका खोलीत, एका फोनपुढं बसवायचं होतं, कारण त्यांची गाणी कुठंही लिहिलेली नाहीत. ती आहेत ती फक्त ह्या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि तीही अर्धी-अर्धी. त्या अर्ध्या-अर्ध्याचं पुढं सांगते.

चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या जळत होत्या. तो धूर नाकात गेला आणि मला आमच्या अंगणातली रविवारची सकाळ आठवली. दादा आत्याच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेटी सोडायचे. ते लुगडं इतकं मऊ झालेलं होतं की मला ते पांघरायला हवं असायचं, पण आमच्या घरात थंडी आधी पेटीला वाजायची आणि मग माणसांना. भाता उघडला की जुन्या चामड्याचा, डांबरगोळीचा आणि थोडा उंदरांचा वास यायचा. एकदा दादांनी भाता ओढला तर सुराच्या आधी गुलाबी पिलंच बाहेर आली. आत्या म्हणाली, “किसन्या, तुजी पेटी याली की रं.” त्या रविवारी तालीम झाली नाही. आईनं पिलं सुपात घालून बांधावर नेऊन ठेवली.

पार्टी म्हणजे आम्ही चौघं. पेटी दादांकडं, गाणं आत्याचं, ढोलकी आईकडं, आणि मी झीलकरी, म्हणजे मागं सूर ओढणारी. ढोलकी आईकडं हे ऐकून लोक आजही दोनदा विचारतात. ती भाकरी थापायला लागली की तिच्या हाताला आपोआप ताल यायचा. लग्न होऊन आल्यावर महिन्याभरात दादांनी परात बाजूला सारून ढोलकी पुढं सरकवली म्हणे. डोक्यावरचा पदर न ढळू देता, चेहऱ्यावरची रेष न हलवता ती वाजवायची. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई कुणाची तरी वाट बघत बसली आहे आणि ढोलकी दुसरंच कुणीतरी वाजवतंय. कित्येक गावांत लोक आत्याचं गाणं ऐकायला नाही, आईचं तोंड बघायला यायचे. आत्याला हे मुळीच आवडायचं नाही.

आमच्या गाण्यात काय नव्हतं! आजोबांची भजनी मंडळी होती. धर्म बदलला तेव्हा भजनातली देवांची नावं गेली, चाली तेवढ्या घरात राहिल्या. त्या चालींवर दादा भीमगीतं बसवायचे. उदगीरच्या उरुसात ते तरुणपणी कव्वाल्या ऐकत बसायचे, तिथून टाळ्या आल्या, मधेच आवाज चढवून एकाच शब्दावर थांबून राहणं आलं. आणि आत्याचा गळा जात्यावरच्या ओवीचा. ती कव्वाली म्हणायला लागली तरी मधूनच दळणाची लय यायची. ह्या तिन्हीचं जे काही व्हायचं त्याला आम्ही नुसतं ‘आपली चाल’ म्हणायचो.

गाणी आत्या रचायची, तीही खुरपताना. रानात बायका आपापली पात, म्हणजे पिकाची ओळ, धरून पुढं सरकतात, तशी तीही सरकायची आणि पात संपेपर्यंत तिचं कडवं तयार व्हायचं. संध्याकाळी अंगणात बसून ती ते दादांना एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायची, “म्या काय टेप हाव?” दादा त्याला चाल लावायचे आणि वर एक ध्रुपद जोडायचे. मग वाटणी ठरलेली. कडवी आत्यानं म्हणायची, ध्रुपद दादांनी उचलायचं, आणि दोन्हीच्या मधल्या सांध्यात मी म्हणायचं, “हो जी, हो जी जी.” आत्या कधी ध्रुपदाला तोंड लावायची नाही. दादा कडव्याच्या वाटेला जायचे नाहीत. शेजाऱ्याच्या बांधावर पाय न ठेवण्याइतकं ते पाळलं जायचं.

मला माझ्या ‘हो जी’चा फार अभिमान होता. मी तिसरीत होते तेव्हा वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी तेच म्हटलं. गुरुजींनी छडी उचलली, मग हसू आवरेना म्हणून तोंड फिरवून फळा पुसत राहिले. फळा आधीच कोरा होता.

आता बोर्डाकडं येते. तो उदगीरच्या हमीदभाई पेंटरनं रंगवला. तोपर्यंत आम्हाला नाव नव्हतं, लोक ‘जळकोटचे गाणारे’ म्हणायचे. दादांनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, किसन गया गायन पार्टी. दोघांची नावं, मधे आडवी रेघसुद्धा नाही. हमीदभाईनं नेटकं रंगवलं, ढोलकीला लाल दोऱ्या काढल्या. बोर्ड घेऊन आम्ही उदगीरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होतो. टोपी घातलेले एक आजोबा जवळ आले, मोठ्यानं वाचलं आणि दादांनाच विचारलं, “किसन गया? अरे, कहाँ गया?”

दादांना कळेना. ते म्हणाले, “मीच किसन.”

“तो फिर गया कौन?”

“गया ही,” दादांनी आत्याकडं बोट दाखवलं.

आजोबांनी आत्याकडं पाहिलं, बोर्डाकडं पाहिलं आणि हात जोडून निघून गेले.

तेव्हापासून निजामाच्या मुलखात आम्ही जाऊ तिथं हेच. मांडवात शिरलो की पोरं ओरडायची, “किसन गया, किसन आया!” कुणी दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून विचारायचं, “कधी गेला बिचारा?” दादा हमीदभाईकडं गेले आणि म्हणाले, तुम्ही उर्दूवाली माणसं, तुम्हाला रंगवतानाच कळलं असेल, सांगायचं नाही का? हमीदभाई ब्रश धुता धुता शांतपणे म्हणाले, “किसनभाई, मैंने सोचा घर का मामला है.” मग नावांची अदलाबदल करून बघितली. ‘गया किसन’ तर जास्तच गेल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी आहे तेच राहू दिलं.

भाषेनं आमच्या पार्टीला असंच कुठं कुठं गाठलं. निलंग्याच्या पुढं, अगदी कर्नाटकाला लागून असलेल्या एका गावात लग्न होतं. वेळ दुपारची. मांडवात ताज्या बुंदीचा वास, चटयांवर माणसं, वंदना व्हायला अजून अवकाश, म्हणून आम्ही गायला बसलो. नवरीकडचं वऱ्हाड पलीकडून आलेलं, कन्नड बोलणारं. पहिलं गाणं संपलं तसा पुढच्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा हात वर करून गरजला, “चलो! भाळ चलो!”

आत्या थबकली. “किसन्या, उठ. चलो म्हनायलेत.”

“एकच गाणं झालंय की, आक्का.”

“मंग धक्के मारीस्तवर थांबायचं का? उठ म्हनते ना.”

दादांनी भाता बंद केला. आईनं चेहऱ्यावरची रेष न हलवता ढोलकी खांद्याला लावली. म्हातारा आणखीच हातवारे करून “चलो, चलो” म्हणायला लागला, तसा आत्यानं वेग वाढवला. आम्ही मांडव ओलांडून, गुरांच्या पाणवठ्यावरून थेट रस्त्याला लागलो. मागून कुणीतरी पळत आलं. बघतो तर पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव! त्याच्या मागं त्याचे मामा, मामांच्या मागं नवरीचे भाऊ. त्या भावांना वाटलं होतं की नवरदेव लग्न सोडून पळाला. रस्त्यात सगळ्यांनी सगळ्यांना धरलं आणि मग उलगडा झाला की तिकडं ‘चलो’ म्हणजे छान आणि ‘भाळ चलो’ म्हणजे फारच छान. आम्हाला परत नेऊन बसवलं. त्या दिवशी आत्या अशी गायली की तो म्हातारा रडला, पण तोंडानं शब्द काढायची त्याची हिंमत झाली नाही.

मी अध्यापक विद्यालयात होते त्या वर्षी कॅसेटचं निघालं. लातूरच्या एका कॅसेटवाल्यानं कुठल्याशा जयंतीला आमचं गाणं ऐकलं होतं. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत आपलं गाणं भरून घेणार आणि ते गावोगावच्या टपऱ्यांवर वाजणार, ह्या कल्पनेनं आम्हाला जेवण जाईना. आत्यानं निळं लुगडं धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवलं. कॅसेटवाला म्हणाला, छापखाना पुढं बंद राहणार आहे, कव्हर आधी छापून घेऊ. दादा एकटेच छापखान्यात गेले. तिथल्या खिळे जुळवणाऱ्यानं नाव वाचलं आणि शेजारच्याला हाक मारली, “ए, इकडं ये, किसन गया बघ!” सगळा छापखाना हसला. दादांच्या कानशिलापर्यंत घाम आला असणार. ते म्हणाले, “ते गया काढा हो.”

त्यांना म्हणायचं होतं, ती गंमत काढा. खिळेवाल्यानं गया काढली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी कव्हरांचा गठ्ठा घरात आला. आत्या निळं लुगडं नेसून, वेणी घालून तयार होती. मला म्हणाली, “वाच गं.” मी शिकलेली मुलगी, मोठ्या ऐटीत वाचलं, “किसन गायन पार्टी, जळकोट.”

“आन् म्या?”

मी कव्हर उलटं करून पाहिलं. मागं गाण्यांची यादी होती. आत घडी होती, ती उघडली. मग परत पुढं पाहिलं.

“न्हाई का?” आत्यानं विचारलं.

मी कव्हर घडी करून खाली ठेवलं, त्यावरून तिला ते कळलं. ती आत गेली, निळं लुगडं फेडून रोजचं नेसली, खुरपं घेतलं आणि रानात निघून गेली. दादा मागं धावले, गंमत सांगितली, हसू सांगितलं, घाम सांगितला. आत्यानं एवढंच विचारलं, “हसू तुजं व्हायलं ना? मंग किसन काढायचा. गया कामून काढली?”

दादा बांधावरून परत फिरले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं.

कॅसेट झाली नाही, पेटी घेतलेल्या दादांच्या फोटोची कव्हरं मात्र राहिली. कितीतरी वर्षं आमच्या घरात दादा पेटीसह सगळीकडं होते. डाळीच्या डब्याखाली दादा, हलणाऱ्या खाटेच्या पायाखाली दादा, लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर दादा. एकाच अंगणात राहून बहीणभाऊ आईच्या मार्फत बोलायचे. दोघं समोरासमोर बसलेले असताना आईनं सांगायचं, “वन्सं, हे इचारायलेत, चहा घेनार का.” आत्यानं म्हणायचं, “त्याला म्हनावं, घेतला.” भावाला लातूरला नोकरी लागली, आईवडील तिकडं गेले, आणि हे निरोपही बंद पडले.

मी नांदेडला शिक्षिका झाले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणायला शिकवल्या. शिक्षकांच्या खोलीत मी कधी सांगितलं नाही की माझी आत्या गाणी रचते आणि मी ‘हो जी’ म्हणायची. मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

त्या हिवाळ्याआधीच्या दिवाळीत अचानक डोक्यात आलं की गाणी उतरवून घ्यावीत. जळकोटला जाऊन आत्यापुढं फोन धरला. तेव्हा तिच्या न्हाणीला नुसतं गोणपाट लावलेलं होतं. तिनं डोळे मिटून कडवं सुरू केलं. शाळेचं गाणं, तिचं सगळ्यात आवडतं.

पायात न्हाई चप्पल, डोईला न्हाई तेल,
पाटीवर तिच्या बघा फुललाय वेल.

आणि थांबली. हात वर केला, मान डोलवत राहिली. मी वाट बघितली. बराच वेळ गेल्यावर तिनं पुढचं कडवं धरलं.

मास्तर म्हनं नाव सांग, आवाज तिचा खडा,
ऐकाया जमला बघा सारा आमचा वाडा.

“आत्या, मधलं ध्रुपद?”

“ते माजं न्हाई,” ती म्हणाली.

फोनमध्ये आलं ते असं. कडवं, मग कोंबड्या, मग कडवं, मग दळणाच्या गिरणीचा आवाज. मी लातूरला गेले आणि दादांपुढं फोन धरला. त्यांनी ध्रुपद म्हटलं.

शाळंला जाती माझी लेक,
गावात उजेड झाला एक.

मग गप्प बसले. गादीवर एका बोटानं मात्रा मोजत राहिले, आत्याच्या कडव्याइतकी जागा सोडली, आणि पुन्हा ध्रुपद म्हटलं. मधे काय म्हणून विचारलं तर छताकडं बघत म्हणाले, “मधलं तिचं.”

माझ्या मुलीनं कॉम्प्युटरवर दोन्ही तुकडे जोडून पाहिले. आत्या काळी चारच्या उंच पट्टीत, दादा पांढरी दोनच्या खालच्या पट्टीत, आणि दोघांच्या लयीत एका गावाचं अंतर. मुलगी म्हणाली, “आई, ही दोन वेगळी गाणी आहेत.” तिला मी म्हटलं, नाही गं, एकच आहे. पण तिला ते ऐकवायला माझ्याकडं काय होतं? ‘हो जी.’ ते तेवढं मला पूर्ण येत होतं.

म्हणून मी त्या न्हाणीच्या दारापुढं उभी होते. आत्याला मी सांगितलं ते खरं सांगितलं. म्हटलं, तू गेलीस की कडवी जातील, दादा गेले की ध्रुपदं जातील, आणि मग राहील ते माझं. ती बराच वेळ चुलीत फुंकणीनं फुंकत राहिली. मग म्हणाली, “गानं म्हनीन. बोलनार न्हाई.”

एसटीत तिनं पिशवीतून आधारकार्ड काढून हातात धरलं, म्हाताऱ्यांना तिकीट नसतं म्हणून. तिची जन्मतारीख आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखी एक जानेवारी. कंडक्टर म्हणाला, “आजी, वाढदिवस येऊन गेला की.” आत्या म्हणाली, “मला कोनी सांगितलंच न्हाई.” उदगीरला गाडी बदलली. स्टँडवर आजोबांनी बोर्ड वाचला होता त्या जागी ती थोडी थांबली.

लातूरला भावाच्या घरी दादा दिवाणावर बसलेले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. पेटी समोर, त्याच जुन्या लुगड्यावर. आत्या आली, खाली चटईवर भिंतीला टेकून बसली. दोघांनीही आईकडं पाहिलं. तीस वर्षांची सवय.

“जयभीम म्हना आधी,” आई म्हणाली. दोघांनी आईला जयभीम घातला.

ढोलकी कधीच फाटली होती. आईनं तुपाचा रिकामा डबा मांडीवर घेतला. दादांनी सूर धरला तशी आत्या म्हणाली, “ह्याला म्हनावं, पट्टी लई खाली धरलीय. काळी चार.”

“तिला म्हनावं,” दादा म्हणाले, “आता काळी चार लागंना माज्यानं. पांढरी दोन.”

“काळी चार.”

“पांढरी दोन.”

“तुमी दोगं बी पांढऱ्या केसाचे,” आई म्हणाली, “पांढरीतच म्हना,” आणि डब्यावर थाप दिली.

मी फोन चालू केला. दादांनी ध्रुपद उचललं. आवाज कापत होता, पण जागेवर होता. आत्यानं ‘पायात न्हाई चप्पल’ धरलं. ह्या गाण्यातली लेक म्हणजे मी. लहानपणी मला ह्या ओळीचा भारी राग यायचा, कारण आत्या माझ्या डोक्याला रोज तेल चोपडायची आणि भर मांडवात तेल नाही म्हणून सांगायची. ह्या वेळी राग आला नाही. मी ‘हो जी’ म्हटलं, दादांनी ध्रुपद घेतलं, दुसरं कडवं झालं, पुन्हा ध्रुपद झालं. कार्यक्रमात हे गाणं इथंच संपायचं. तोवर नवरी मांडवात यायची किंवा पंगत बसायची. मी फोन बंद करायला हात पुढं केला.

आत्यानं हात वर केला. “थांब. तिसरं हाय.”

मला तिसरं माहीतच नव्हतं. आई डब्यावर हलका ठेका देत राहिली. आत्यानं डोळे मिटले, तोंड उघडलं. “म्या न्हाई...” म्हणाली आणि अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. तिनं कपाळावर हात मारला. “म्या न्हाई... म्या न्हाई... गेलं गं माय,” ती म्हणाली, “गेलं.” तिचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. आईचा हात डब्यावर थांबला. उरलेली कितीक गाणी अशीच गेली असतील, असं माझ्या मनात आलं.

पेटी थांबली नव्हती. दादा खाली मान घालून, पट्ट्यांकडं बघत, हळू म्हणायला लागले.

म्या न्हाई शिकले बाई, अंगठाच माझी सही,
तिच्या दप्तरात ठेवा माझी बी एक वही.

मग आत्या सरळ त्यांच्याकडं वळली.

“तुला पाठ हाय?”

“हाव.”

“समदी?”

“समदी.”

“मंग इतकी वर्सं तोंडात काय गुळनी धरली व्हतीस का रं, किसन्या?”

दादांनी पहिल्यांदा मान वर केली. “कडवी तुजी हाईत, आक्का. म्या कामून म्हनावं?”

आत्यानं पदरानं नाक पुसलं, डोळेही पुसले, आणि रागानं म्हणाली, “वढ पेटी. म्या म्हनते.” आणि तिनं ते कडवं म्हटलं, पूर्ण, दादांच्या पांढरी दोनमध्ये. दादांनी ध्रुपद धरलं. मी काही म्हटलं की नाही, मला आठवत नाही. फोनमध्ये त्या जागी नुसतं कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आहे.

गाणं संपल्यावर आत्या मला म्हणाली, “लिवलंस का?”

“फोनमधी आलंय की सगळं.”

“फोनमधी मला काय दिसतंय? मास्तरीन ना तू? वहीत लिव.”

माझ्या पिशवीत वही नव्हती. इतक्या वर्षांची शिक्षिका मी, माझ्याजवळ वही नव्हती. भावाच्या मुलाची गणिताची वही घेतली, चौकटीची, आणि मागच्या कोऱ्या पानावर तिसरं कडवं लिहिलं. आत्या चटईवरून सरकत जवळ आली. तिच्या अंगाला चुलीचा वास होता. तिनं त्या दोन ओळींवरून एक बोट फिरवलं, आधी डावीकडून उजवीकडं, मग उलटं.

“एवढंच?” ती म्हणाली. “म्हनताना तर लई मोठं वाटतंय.”

“तेवढंच दिसतंय, आत्या. चौकटी बारीक हाईत.”

“मंग बारीक चौकटीत कामून लिवायलीस?”

मी पान उलटलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं, चार-चार चौकटींत एकेक अक्षर.